अपघाताच्या दाव्यात माझ्या कामाचे मोल कसे ठरले

रस्ते अपघातात जखमी झालेल्या माणसाला मिळणारी भरपाई ही सरकारी मदत असते आणि ती मागायला जाणे म्हणजे कोणापुढे तरी हात पसरणे, अशी समजूत आमच्या भागात अजून पक्की आहे. वास्तविक मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या मालकाला तिऱ्हाईत व्यक्तीच्या नुकसानीचा विमा काढावाच लागतो. आपल्याला मिळणारी भरपाई त्या विम्यातून येते, आणि तो विमा आपल्यासारख्यांसाठीच सक्तीचा केलेला आहे. दाव्याच्या कामात मी दोन वर्षांहून अधिक काळ होते. त्या काळात मला एक गोष्ट पुरती उमगली, आणि ती इतरांना वेळेवर कळावी म्हणून हे लिहीत आहे. अपघाताचे दावे चालवणारे न्यायाधिकरण दुखापतीची दया करत नाही, ते नुकसान मोजते. आणि ज्या कामाची मोजणी आजवर कोणी केलेलीच नाही, त्या कामाचे नुकसान सिद्ध करायला सर्वांत जास्त कष्ट पडतात.

मी कराडला पोळी-भाजीचे डबे देते. फेब्रुवारी २०२३ मध्ये यजमानांच्या स्कूटरवर मागे बसून आम्ही पुणे-बंगळूर महामार्गाच्या सेवा रस्त्याने कोल्हापूर जिल्ह्यातून परत येत असताना मागून आलेल्या टेम्पोने आम्हाला धडक दिली. यजमानांना खरचटण्यावर निभावले. माझ्या उजव्या पायाचे नडगीचे हाड गुडघ्याच्या खालीच मोडले आणि त्यात धातूची पट्टी व स्क्रू बसवावे लागले. त्या वेळी मला त्रेचाळीसावे वर्ष चालू होते. हे वय पुढे हिशेबात येते, म्हणून आत्ताच नोंदवते.

पहिल्या रुग्णालयात आम्हाला आधी अनामत रक्कम भरा, मग पुढचे बघू, असे सांगण्यात आले. अपघातातील जखमीवर कागदपत्रांची किंवा पोलिसांची वाट न पाहता तातडीचे उपचार करणे हे डॉक्टरांचे कर्तव्य असल्याचे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येच लिहिलेले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात तेच बजावले आहे. मात्र वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला कलम आठवत नाही, आणि आठवले तरी वाद घालण्याचे त्राण नसते. यजमानांनी भावाकडून पैसे मागवले. मे २०२५ पासून केंद्र सरकारने अपघातग्रस्तांसाठी रोखरहित उपचारांची योजना लागू केली असून तीत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मान्यताप्राप्त रुग्णालयांत होतात. ती आमच्या वेळी नव्हती. रुग्णालयाने एक गोष्ट मात्र चोख केली, ती म्हणजे आमची नोंद अपघाताची वैद्यकीय-न्यायिक केस, ज्याला तिथे सगळे एमएलसी म्हणतात, म्हणून केली आणि पोलिसांना कळवले. या नोंदीत वाहनाचा प्रकार, वेळ आणि जखमा आल्या होत्या. पुढे दीड वर्षाने विमा कंपनीच्या वकिलांनी मी घरात पडले नसेन कशावरून, असा सूर लावला, तेव्हा तो याच एका पानाने बंद झाला.

पोलीस जबाब घ्यायला रुग्णालयात आले. फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, आणि ती मागितल्यावर मिळालीही. अपघात झाल्यावर अठ्ठेचाळीस तासांत प्राथमिक अपघात अहवाल न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला पाठवायचा, जखमीला त्याच्या हक्कांचे पत्रक द्यायचे आणि तीन महिन्यांच्या आत सविस्तर अहवाल सादर करायचा, अशी रचना २०२२ पासूनच्या नियमांत आहे. पत्रक आम्हाला मागूनही मिळाले नाही. अहवाल मात्र गेला. घटनास्थळाचा पंचनामा मी आजही जपून ठेवला आहे. साधे दोन पानांचे हस्तलिखित आणि शेवटी हाताने काढलेला नकाशा: रस्त्याची रुंदी, डाव्या बाजूच्या साइडपट्टीवर पडलेल्या दिव्याच्या काचा, आणि टेम्पोच्या चाकांच्या घासल्याच्या खुणा कुठून कुठवर गेल्या त्याची मापे. स्कूटर अचानक वळली, असे विमा कंपनीने लेखी म्हणण्यात लिहिले होते. काचा रस्त्याच्या मधोमध न सापडता साइडपट्टीवर सापडल्या, म्हणजे आम्ही आमच्या कडेनेच चाललो होतो, हे त्या नकाशावरून दिसत होते. म्हणून मी ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला सांगते की पंचनाम्याची प्रत लवकर घ्यावी आणि ती बारकाईने वाचावी. चूक असेल तर त्याच आठवड्यात लेखी कळवावे.

मी घरी आल्यावर टेम्पोमालकाकडून एक मध्यस्थ आला. चाळीस हजार रुपये रोख आणि पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर आमची कसलीही तक्रार नाही अशा मजकुराचा तडजोडनामा, असा त्याचा प्रस्ताव होता. रुग्णालयाचे बिल डोक्यावर असताना रोख पैसे समोर ठेवले की मन डळमळते, आणि असा माणूस नेमका त्याच आठवड्यात येतो. यजमानांचे मामा, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, न्यायालयात शिरस्तेदार होते. त्यांनी तो कागद वाचला आणि एवढेच विचारले, “वहिनी, तुमचा पाय पुढे किती वाकणार आहे हे डॉक्टरांनी अजून सांगितलंय का?” सांगितले नव्हते. “मग कशाची किंमत ठरवताय?” मध्यस्थ परत गेला.

त्याच सुमारास दुसऱ्या प्रकारचे लोक येऊ लागले. आमच्याकडे त्यांना एजंट म्हणतात. वकील आम्ही देतो, खर्च आम्ही करतो, मिळेल त्यातला तिसरा हिस्सा आमचा, असा त्यांचा व्यवहार असतो. दाव्याच्या निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेच्या हिश्शावर फी ठरवण्यास भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनीच वकिलांना मनाई केली आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. या प्रथेविषयी मला मनापासून चीड आहे. मोडलेल्या हाडाच्या पैशातून हिस्सा काढून घेणे हा व्यवसाय होऊ शकतो, हे मला आजही पटत नाही. तात्यांनी आम्हाला न्यायालयाच्या आवारातच असलेल्या तालुका विधी सेवा समितीकडे नेले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो, आणि स्त्रियांसाठी त्यात उत्पन्नाची अट नाही. साधा अर्ज, ओळखपत्र आणि अपघाताची कागदपत्रे एवढ्यावर मला समितीच्या यादीतील वकील मिळाल्या. ज्यांना कार्यालयापर्यंत जाता येत नाही त्यांनी १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. तो राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा आहे. मोफत मिळालेला वकील लक्ष देत नाही, असे मला बऱ्याच जणांनी ऐकवले होते. आमच्या वकीलबाईंनी माझा दावा ज्या निष्ठेने चालवला, तो पाहिल्यावर मी ते बोलणे कोणाकडूनही ऐकून घेत नाही.

वकीलबाईंनी पहिल्या भेटीत दोन शंका दूर केल्या. पहिली म्हणजे अपघात कोल्हापूर जिल्ह्यात झाला म्हणून दावा तिकडेच करावा लागेल का? मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो, जिथे राहतो तिथे, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो आणि निवड अर्जदाराची असते. कुबड्या घेऊन दर तारखेला परजिल्ह्यात जाण्याची वेळ माझ्यावर आली नाही, ती या तरतुदीमुळे. दुसरी शंका मुदतीची. क्लेमला मुदत नसते, असे आमच्या गावात जाणती माणसेही सांगतात. १९९४ पासून २०२२ पर्यंत ते खरेही होते. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची अट आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून केवळ उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तरी अंतिम निकाल येईपर्यंत सहा महिने हीच मुदत धरून चालावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आमचा अर्ज मुदतीत दाखल झाला. टेम्पोमालक, चालक आणि विमा कंपनी हे सामनेवाले झाले.

कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख रुपये ठरीव मिळतात. कलम १६६ खाली चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, पण रकमेला अशी मर्यादा नसते. वकीलबाईंनी दोन्ही मार्ग समजावून सांगितले आणि आम्ही दुसरा घेतला.

येथून खरे काम सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या प्रकरणात दुखापतीच्या भरपाईचे घटक घालून दिले आहेत: उपचार, प्रवास आणि पौष्टिक आहाराचा खर्च, उपचारांच्या काळात बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळे भविष्यात कमी होणारी कमाई, पुढे लागणारे उपचार, वेदना आणि यातना, आणि जगण्यातले जे सुख हिरावले गेले त्याबद्दलची रक्कम. यातली बिले गोळा करणे सोपे होते. औषधांच्या पावत्या, रिक्षाच्या चिठ्ठ्या, भौतिकोपचाराच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या नोंदी, या सगळ्या मी तारखेप्रमाणे लावून, औषधाच्या प्रत्येक पावतीला त्या दिवसाची डॉक्टरांची चिठ्ठी टाचून ठेवल्या होत्या. अडचण होती ती माझ्या कमाईची. अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचे असे वकीलबाईंनी विचारले, तेव्हा घरातलेच कोणीतरी चटकन म्हणाले, “गृहिणी लिहा, घरीच असते.” वकीलबाईंनी लेखणी खाली ठेवली आणि माझ्या दिवसाचा तपशील पहाटेपासून विचारायला सुरुवात केली.

मी तीसेक डबे देत होते. त्यात महाविद्यालयातली मुले होती, बँकेतले दोन कर्मचारी होते, एकट्या राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. पहाटे कणीक मळायची, दीडशेच्या आसपास पोळ्या ओट्याशी उभे राहून लाटायच्या आणि भाजायच्या, भाजी-आमटी करायची, डबे भरायचे आणि दुपारी परत आलेले घासायचे. हे सगळे उभ्याने. पगारपत्रक नाही आणि प्राप्तिकराचे विवरण भरण्याएवढे उत्पन्नही नाही. माझ्याकडे होती ती डब्यांची वही. प्रत्येकाच्या नावापुढे खाडे, जमा आणि बाकी. तिच्यावर तेलाचे डाग होते आणि काही पाने हळदीने पिवळी झाली होती. असली वही न्यायालयात कशी द्यायची, असा मला संकोच वाटला. वकीलबाई म्हणाल्या, “ताई, हे डाग पुसू नका. दाव्यासाठी लिहिलेली वही कोरी करकरीत असते.” तिच्या जोडीला किराणा दुकानाची मासिक बिले, मोबाइलवरून जमा झालेल्या पैशांचे बँकेचे उतारे आणि अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा दाखला दिला. छोट्या खाद्यव्यावसायिकाला ही नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत मिळत असे, आणि मी ती नियमित केलेली होती. त्या दाखल्याने माझी कमाई किती हे सिद्ध झाले नाही, पण माझा धंदा अपघाताच्या आधीपासून चालू होता हे सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध झाले. बँकेतल्या एका ग्राहकाने साक्षही दिली.

हा व्यवसाय नसता आणि मी केवळ घरचेच काम करत असते, तरी माझ्या कामाला किंमत होतीच, हेही मी याच काळात शिकले. गृहिणीच्या श्रमाचे आर्थिक मूल्य धरलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात पुन्हा निक्षून सांगितले आहे. ‘घरीच असते’ म्हणून रकाना कोरा सोडणे हे त्या बाईवर दुहेरी अन्याय करणे आहे.

अपंगत्वाचा दाखला हा दाव्याचा कणा असतो. हाड जुळून आल्यावर आणि आणखी सुधारणा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावरच तो घ्यायचा असतो. शल्यचिकित्सकांनी माझा गुडघा कोनमापकाने मोजला. नव्वद अंशांच्या पुढे तो वाकत नव्हता, आणि पाय थोडा आखूडही झाला होता. उजव्या पायाचे कायमचे अपंगत्व २४ टक्के, असा दाखला मिळाला. ही टक्केवारी पायाची असते. सगळ्या शरीराच्या हिशेबाने ती कमी भरते, आणि कमाईच्या हिशेबाने ती कमी किंवा जास्त, काहीही असू शकते. राजकुमार प्रकरणातच याचे नेमके उदाहरण दिले आहे: डावा हात गेला तर सुताराची किंवा वाहनचालकाची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, पण सरकारी कार्यालयातल्या लिपिकाची नोकरी तशीच राहू शकते. म्हणून दाखल्यावरच्या आकड्यापाशी न थांबता त्या अपंगत्वामुळे माझे कोणते काम होत नाही, हे पुराव्यात आणावे लागते. त्यासाठी दाखला देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागते आणि डॉक्टर न्यायालयात यायला नाखूश असतात. वकीलबाईंनी अर्ज दिला, न्यायाधिकरणाने साक्ष नोंदवून घेण्यासाठी आयुक्त नेमला आणि डॉक्टरांची साक्ष त्यांच्याच बाह्यरुग्ण विभागात, रुग्ण संपल्यावर नोंदवली गेली. “या रुग्णाला एका जागी किती वेळ उभे राहता येईल?” या प्रश्नाला डॉक्टरांनी “सलग अर्धा तास, त्यापुढे सूज येईल” असे उत्तर दिले. माझ्या दाव्यातली सर्वांत मोलाची ओळ मला तीच वाटते.

माझी स्वतःची साक्ष सरतपासणीच्या, म्हणजे आपली बाजू आपणच सांगण्याच्या, शपथपत्राने झाली. कागद एकामागून एक दाखल होत गेले आणि प्रत्येकावर निशाणी क्रमांक, म्हणजे पुरावा म्हणून ओळखीचा क्रमांक, पडत गेला. माझ्या हळदीच्या वहीच्या वेष्टनावर तांबड्या शाईत निशाणी घातलेली पाहिली, तेव्हा इतक्या वर्षांच्या माझ्या स्वयंपाकाची प्रथमच कुठेतरी नोंद झाली, असे मला वाटले.

उलटतपासणीची मला फार धास्ती होती. विमा कंपनीचे वकील सभ्य होते, पण त्यांचे प्रश्न आखीव होते.

“आज तुम्ही दुसऱ्या मजल्यावर जिने चढून आलात?”

“होय, कठडा धरून, एक एक पायरी.”

“म्हणजे तुम्हाला चालता येते.”

“चालता येते. सकाळभर उभे राहता येत नाही.”

“पोळ्या बसून लाटता येतात ना?”

“घरच्या दहा येतात. दीडशे पोळ्यांना लाटणे, भाजणे आणि शेगडी एका उंचीवर लागते, आणि गुडघा दुमडत नसल्याने मला जमिनीवर बसताच येत नाही.”

“डबे आजही चालू आहेत, हे खरे आहे का?”

“खरे आहे. नऊ चालू आहेत. बाकीचे बंद झाले.”

वकीलबाईंनी मला आधी एवढेच सांगितले होते की विचारले तेवढेच सांगा, खरे सांगा आणि आठवत नसेल तर तसे म्हणा. डबे पूर्ण बंद आहेत असे सांगायचा सल्ला एका नातेवाइकाने दिला होता. तो मी मानला नाही, आणि माझ्या मते दावा त्यामुळेच उभा राहिला. निकालपत्रात माझी साक्ष नैसर्गिक व विश्वासार्ह असल्याचे म्हटले आहे.

टेम्पोमालक नोटीस मिळूनही हजर झाला नाही आणि त्याच्याविरुद्ध एकतर्फी आदेश झाला. लढली ती विमा कंपनी. तिचा मुख्य बचाव परवान्याचा होता. चालकाकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना आहे, टेम्पो मात्र मालवाहतुकीचे वाहन आहे, तेव्हा विम्याच्या अटीचा भंग झाला, असे तिचे म्हणणे होते. हा प्रश्न त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे होता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने निर्णय दिला की, एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असलेले मालवाहतुकीचे वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. आमचा टेम्पो त्या मर्यादेत होता. बचाव गेला. परवाना अजिबात नसता तरीही जखमी बहुधा वाऱ्यावर सुटत नाही. अशा वेळी कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश करण्याची वाट न्यायालयांनी मोकळी ठेवली आहे.

दुसरा बचाव यजमानांच्या चुकीचा होता. पंचनाम्याने तो कोसळलाच, पण वकीलबाईंचे म्हणणे त्याहून मूलभूत होते: दोन चालकांची चूक असली, तरी मागे बसलेली बाई त्यांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकते, कारण तिची स्वतःची काही चूक नसते. तिसरा मुद्दा पैशांचा होता. रुग्णालयाच्या बिलाचा काही भाग यजमानांच्या कारखान्याच्या सामूहिक आरोग्य विम्यातून भागला होता, आणि तेवढी रक्कम वजा करावी अशी कंपनीची मागणी होती. २८ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अशी वजावट करता येत नाही असा निर्णय दिला. हप्ते भरून घेतलेल्या विम्याचा लाभ धडक देणाऱ्याला मिळू नये, हे सामान्य बुद्धीलाही पटणारे आहे.

मध्यंतरी राष्ट्रीय लोकअदालतीत आमचे प्रकरण ठेवले गेले. कंपनीने साडेतीन लाख रुपये एकरकमी देऊ केले. लोकअदालतीतला निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नसते; प्रकरण तिथल्या तिथे संपते आणि पैसेही लवकर मिळतात. ज्याला आज पैशांची निकड आहे त्याने तडजोड केली, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. आम्ही मात्र कंपनीचा हिशेब मागितला. त्यात माझे उत्पन्न अगदी नाममात्र धरले होते आणि पायाच्या अपंगत्वाची टक्केवारीही अर्ध्यावर आणली होती. डॉक्टरांची साक्ष झालेली होती. आम्ही नकार दिला.

निवाडा २०२५ च्या पावसाळ्यात झाला. हिशेब मी येथे मुद्दाम पूर्ण देते, कारण तो कसा करतात हे कळले की समोरचा आकडा तपासता येतो. मी महिना अठरा हजार रुपये मिळकत सांगितली होती. न्यायाधिकरणाने खर्चाच्या सगळ्या पावत्या नाहीत म्हणून बारा हजार धरली. वर्षाचे १,४४,००० झाले. स्वतःचा व्यवसाय असलेल्या, चाळीस ते पन्नास वयाच्या व्यक्तीच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी २५ टक्के मिळवायचे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निर्णयाने ठरले आहे, म्हणून १,८०,०००. न्यायाधिकरणाने दाखल्यावरचे २४ टक्के न घेता, माझे काम उभ्याचे असल्याचे कारण देऊन कमाईच्या क्षमतेचे नुकसान ३० टक्के धरले. वर्षाला ५४,००० रुपये. एक्केचाळीस ते पंचेचाळीस या वयासाठी २००९ च्या सरला वर्मा निर्णयातला गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचे तो आकडा, १४ आहे. म्हणून भविष्यातील कमाईचे नुकसान ७,५६,००० रुपये. याखेरीज सात महिन्यांच्या पूर्ण बुडालेल्या कमाईचे ८४,०००, बिलांप्रमाणे उपचारांचा खर्च, पट्टी काढण्याच्या पुढील शस्त्रक्रियेसाठी रक्कम आणि वेदनांसाठी रक्कम. अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून सात टक्के व्याज; पुढील शस्त्रक्रियेच्या रकमेवर ते नाही.

अठराऐवजी बारा हजार धरल्याचे मला वाईट वाटले. उच्च न्यायालयात नव्वद दिवसांत अपील करता येते, हे वकीलबाईंनी समजावून सांगितले आणि निर्णय माझ्यावर सोडला. पुन्हा काही वर्षे दाव्यात घालवायची माझी तयारी नव्हती. ३० टक्क्यांवरचे चार परिच्छेद मी मात्र पुनःपुन्हा वाचले. त्यांत ‘अर्जदाराचा व्यवसाय दीर्घकाळ उभे राहण्याचा आहे’ हे वाक्य आहे.

कंपनीने अपील न करता रक्कम न्यायाधिकरणात जमा केली. रक्कम उचलण्यासाठी वेगळा अर्ज, बँकेच्या पासबुकाची प्रत, पॅन आणि ओळखपत्र लागते. एका आर्थिक वर्षात व्याजाची रक्कम पन्नास हजारांहून अधिक असेल तर मार्च २०२६ पर्यंत त्यावर कर कापला जात असे. पॅन नसल्यास ही कपात दुप्पट, म्हणजे वीस टक्के होत असे. पॅन आधीच काढून ठेवावे आणि त्या काळात कर कापला गेला असेल तर कपातीचा दाखला कंपनीकडून मागून घ्यावा. काही रक्कम थेट माझ्या खात्यात आली आणि उरलेली राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवण्याचा आदेश झाला. एकदम हाती आलेला पैसा जखमीच्या हातून निसटू नये, म्हणून न्यायाधिकरणे अशी सोय करतात. ठेवीचे व्याज दर महिन्याला खात्यात येते, पण ठेव मोडायला न्यायाधिकरणाची परवानगी लागते.

मी परवानगी मागितली आहे. कणीक मळण्याचे यंत्र, पोळ्या भाजण्याचे यंत्र आणि बसून काम करता येईल अशा उंचीचा ओटा यांची दरपत्रके अर्जाला जोडली आहेत. कंपनीने हरकत नसल्याची पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली असून पुढच्या तारखेला त्यावर आदेश व्हायचा आहे.